डबा भंगारात विकला जावा यासाठी डाय (साचा) आणि दाण्यात (कच्च्या प्लास्टिकात) काय बदलायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंगणघाटजवळ एक लहान इंजेक्शन मोल्डिंग युनिट (वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून वस्तू करणारा कारखाना) आहे. समुद्रपूर, सेलू, भिवापूर भागातले महिला बचत गट आणि शेतकरी कंपन्या हळद, तिखट, जवसाची चटणी भरायला त्यांच्याकडून पीपीचे (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचे) २०० ग्रॅम, ५०० ग्रॅम आणि १ किलोचे डबे घेतात. धान्यासाठी ५ किलोचाही एक आहे. गिऱ्हाईक आता ‘रिसायकल होणारा डबा द्या’ म्हणतं. बुडावर त्रिकोणात ५ हा आकडा आहे, तरी गावात येणारा भंगारवाला हाच डबा हातात घेऊन बाजूला टाकतो. कोणी ‘बायो’ पावडर (प्लास्टिक आपोआप कुजतं म्हणून विकतात ती) मिसळायला सांगतं, कोणी पाउचकडे वळा म्हणतं. नेमकं काय बदलायचं?

पहिली गोष्ट, भंगारवाल्याचं काही चुकलेलं नाही. त्रिकोणातला आकडा मुख्य प्लास्टिक कोणतं एवढंच सांगतो. ते परत वापरात येईल, असं काही तो सांगत नाही. तुमचा डबा गावातून फटफटीवर किंवा हातगाडीवर तालुक्याच्या भंगार दुकानात जाणार, तिथून मोठ्या गोदामात, मग ग्राइंडर (तिथे त्याचा चुरा होतो), धुलाई, पाण्याची टाकी आणि शेवटी दाणा. या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी वजन आणि डोळा लावून ठरवतो, की यात दमडी सुटते का. परदेशी मार्गदर्शिका वाचून डिझाइन करणारे इथेच फसतात. त्या इन्फ्रारेड यंत्रावर छाननी होते असं धरून लिहिलेल्या असतात. आपल्याकडे छाननी होते ती डोळा, नख, आवाज आणि वासावर. त्यामुळे डिझाइनची पहिली अट अशी ठेवा: डबा उन्हात उभ्या माणसाला पाच सेकंदांत ओळखता आला पाहिजे आणि हाताने सुटा करता आला पाहिजे.

आता डब्याकडे येऊ. सर्वांत मोठा दोष बहुतेक दाण्यातच असतो, आणि तो म्हणजे फिलर, भरतीला मिसळलेली पावडर. कॅल्शियम पावडरचा मास्टरबॅच (पावडर भरलेला तयार दाणा) स्वस्त पडतो म्हणून १५-२० टक्के ढकलला जातो. पीपीची घनता ०.९०५ च्या आसपास (पाण्याची १), म्हणजे तो पाण्यावर तरंगतो. धुलाईच्या टाकीत वेगळं करण्याचं सगळं गणित यावरच उभं आहे: पीपी, एचडीपीई, एलडीपीई (हे शेवटचे दोन पीईचे, म्हणजे पॉलिथिनचे प्रकार) वर येतात; पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक, १.३८), पीव्हीसी (१.३५ ते १.४५) आणि पॉलिस्टायरीन (१.०५) तळाला जातात. कॅल्शियम कार्बोनेटची घनता २.७. वजनाने १० टक्के घातलं तर पीपी ०.९७ वर जातो, अजून तरंगतो. १५ टक्क्यांना तो पाण्याच्या बरोबरीला येतो आणि टाकीत मधेच लोंबकळतो. २० टक्क्यांना १.०४, म्हणजे सरळ तळाला, पीव्हीसीच्या गाळात. जाणता भंगारवाला तुकडा वाकवून बघतो, वाकवल्या जागी पांढरी रेघ उठून कट्कन तुटला की समजतो, पावडरचा माल आहे.

फिलरने जेवढी बचत होते असं वाटतं तेवढी होतही नाही, हे कागदावर मांडून बघा. शुद्ध पीपीचा डबा ४० ग्रॅमचा असेल तर त्याचं आकारमान साधारण ४४ घनसेंमी. साचा तोच, म्हणून आकारमानही तेच. २० टक्के फिलरने तोच डबा ४६ ग्रॅमचा होतो. त्यात पीपी जवळपास ३७ ग्रॅम. म्हणजे पीपी वाचला ३ ग्रॅम, सुमारे ८ टक्के. शंभर किलोत २५०० डब्यांऐवजी २१७० निघतात. वर पावडरने मशीनचं स्क्रू-बॅरल (दाणा वितळवून पुढे ढकलणारा भाग) घासतं ते वेगळंच. तीच बचत भिंत पातळ करून होते: १.२ मिमीची भिंत ०.९ वर आणा, कडेला आणि बुडाला रिब (आधाराच्या पट्ट्या) द्या. रिबची जाडी भिंतीच्या ५० ते ६० टक्क्यांपुढे नको, नाहीतर बाहेरून सिंक मार्क (खळगा) दिसतो. पातळ भिंतीला दाणा वाहता हवा. १०-१२ एमएफआयचा (वितळलेला दाणा किती वाहतो त्याचं माप) ग्रेड भरताना शॉर्ट (अर्धवट भरलेला डबा) देईल, २० च्या वरचा घ्यावा लागेल. डायमध्ये बदल करताना लोखंड काढता येतं, परत घालायचं म्हणजे वेल्डिंग आलं. भिंत पातळ करायची तर साच्यात लोखंड वाढवावं लागतं, त्यामुळे जुन्या डायवर हा प्रयोग करत बसू नका. नवीन कोअर (साच्याचा आतला भाग) करायची वेळ येईल तेव्हाच तो हिशेब धरा.

झाकण हा दुसरा गुंता. पीपीच्या डब्याला एलडीपीईचं मऊ झाकण देण्याची पद्धत आहे, कारण ते पटकन दाबून बसतं. अडचण अशी, की दोन्ही तरंगतात. पाण्यात वेगळे होत नाहीत, एकत्र वितळतात पण एकजीव होत नाहीत. त्या दाण्याच्या मालाला पापुद्रे सुटतात आणि आपटलं की तो फाटतो. दोन-चार टक्के पीई पीपीत खपून जातं. झाकण तर डब्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकं असतं. झाकणही पीपीचंच करा. मऊपणा हवा असेल तर रँडम कोपॉलिमर हा पीपीचाच ग्रेड आहे, तो नेहमीच्या पीपीपेक्षा (होमोपॉलिमर) लवचिक असतो आणि पीपीच्याच चुऱ्यात खपतो. गॅस्केट (झाकणातली मऊ रबरी कडी) शक्यतो काढून टाका. झाकणाच्या आतून पातळ ओठ काढला आणि तो डब्याच्या तोंडात किंचित घट्ट बसला, तर हळद-तिखटाला तेवढी सील पुरते. ओठ सुरुवातीला थोडा सैल ठेवा. झाकणाच्या साच्यातलं लोखंड खरवडून तो नंतर घट्ट करता येतो. गॅस्केट टाळताच येत नसेल तर सिलिकॉनचं घ्या, खाचेत नुसतं बसवलेलं, चिकटवलेलं नको. सिलिकॉन पाण्यात बुडतं म्हणून वेगळं निघतं. ईव्हीएचं (रबरासारख्या मऊ प्लास्टिकचं) गॅस्केट तरंगतं, पीपीबरोबर बॅरलमध्ये जातं आणि गोंद होतं.

सील तोडायची पट्टी झाकणालाच एका बाजूने जोडलेली राहू द्या. अर्ध्या ग्रॅमची सुटी पट्टी कोणीही वेचत नाही. ती अंगणात पडते, तिथून गोठ्यात जाते, आणि कडब्याबरोबर कुठे पोचते ते सांगायला नको. आत टाकलेल्या छोट्या चमच्याचंही तेच. चमचा वगळा.

लेबलवर लोक फार कमी विचार करतात आणि माल तिथेच बाद होतो. कागदी स्टिकर पीपीवर घट्ट गोंदाने लावला की धुलाईत तो सोलून निघत नाही, भिजून त्याचा लगदा होतो. त्याचे धागे चुऱ्याला चिकटून बॅरलमध्ये जातात. पीपी २०० ते २३० अंशांवर चालतो, तेवढ्या उष्णतेत कागद करपतो, दाण्यात काळे ठिपके येतात आणि फिल्टरची जाळी तासातासाला बदलावी लागते. पीपीच्या डब्यावर बीओपीपीचं (ताणून केलेल्या पीपी फिल्मचं) लेबल लावा. तेही पीपीच आहे, सोबत वितळलं तरी शाईचा रंग तेवढा उतरतो, बाकी नुकसान नाही. शाई कमी, पांढरी जागा जास्त ठेवा. पीव्हीसीची श्रिंक स्लीव्ह (गरम करून आवळलेलं वेष्टण) मात्र कोणत्याही डब्यावर नको. ती दिसते छान, पण दाणा करताना पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, स्क्रू-बॅरल गंजतं, माल पिवळा पडतो, आणि मशीनवर उभ्या माणसाचे डोळे-घसा जळतो.

कायम राहणारा मजकूर, म्हणजे गटाचं नाव, गाव, ‘पीपी ५’, डायमध्येच कोरून घ्या. अक्षरं बुडाला किमान ८-१० मिमी उंचीची असावीत. दोन मिमीचा त्रिकोण भिंग लावूनही वाचता येत नाही. झाकणावर वेगळं कोरा. झाकण एलडीपीईचं आणि डब्याच्या बुडाला ५ असं असेल तर छाननी करणारा पुढच्या वेळी तुमच्या ५ वर विश्वास ठेवत नाही.

रंगाचं सोपं आहे. दुधी, म्हणजे बिनरंगाचा पीपी सर्वांत वरच्या भावाने जातो, त्याखाली पांढरा, मग फिके रंग, आणि तळाला काळा. बिनरंगाच्या दाण्याला पुढे कोणताही रंग देता येतो. काळ्याचा पुन्हा काळाच होतो. परदेशी छाननी यंत्रांना कार्बन ब्लॅकचा काळा रंग दिसत नाही म्हणून तो तिथे टाळतात. आपल्याकडे कारण वेगळं, पण निर्णय तोच.

इथे हळद आडवी येते. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; ती जास्त कुरकुमीनमुळे (हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य) रंगासाठी नावाजलेली आहे, आणि कुरकुमीन उजेडात फिकं पडतं. दुधी डब्यातली हळद दुकानाच्या फळीवर, समोरून ऊन येत असेल तर, काही आठवड्यांत निस्तेज दिसायला लागते. म्हणून लोक डबाच गडद करतात. त्यापेक्षा डबा दुधी ठेवून बाहेरून पुठ्ठ्याची सरकती पट्टी घाला, गोंद न लावता. पट्टी रद्दीत जाते, डबा भंगारात, आणि उजेडही अडतो. गटाला छपाईला मोठी जागा मिळते हा वरचा फायदा.

दुसरी अडचण डागाची. पीपी आणि पीई दोन्ही हळदीचा रंग आत ओढून घेतात, तेलकट तिखटाचाही. हळदीला चुना लावला की कुंकू होतं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. धुलाईत कॉस्टिक सोडा असतो, तिथे तेच होतं आणि चुरा तांबूस निघतो. सोड्यात कुरकुमीन हळूहळू तुटतं, पण प्लास्टिकच्या आत मुरलेलं तसंच राहतं. वापरलेला हळदीचा डबा दुधीच्या भावाने जाणार नाही, हे गृहीत धरा. तो तपकिरी-काळ्या मालात, घमेली-बादल्यांत जाईल. आत एलडीपीईची पन्नी घालून डबा कोरा ठेवता येतो, पण मग हळद माखलेली पन्नी कचऱ्यात जाते. २०० ग्रॅमच्या डब्याला त्या पन्नीची गरज नाही असं माझं मत. १ किलोच्या डब्याला ती घालावी, कारण तो डबा घरात वर्षानुवर्षं राहतो आणि बाई त्यात पुढे डाळ भरणार असते.

जवसाच्या चटणीसाठी पीपी चुकीचा आहे, आणि हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगून टाका. जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनने लवकर खवट होतं. पीपी-एचडीपीईमधून पेटच्या तुलनेत तीस-चाळीस पट ऑक्सिजन आत येतो. आठवडी बाजारात पंधरा दिवसांत खपणारी चटणी पीपीत चालेल. नागपूर-पुण्याच्या दुकानात तीन महिने ठेवायची असेल तर पेटची बरणी किंवा काच. चटणी फेकावी लागली तर त्यामागचं जवस, भाजणीचं इंधन, मजुरी आणि वाहतूक सगळंच वाया गेलं; त्यापुढे बरणीचे ३० ग्रॅम काहीच नाहीत. पेटची बरणी तुम्ही साध्या इंजेक्शन मशीनवर करू शकणार नाही, प्रीफॉर्म (बरणीचा जाड नळीसारखा कच्चा आकार) फुगवावा लागतो. ती तयार घ्या. बरणी बिनरंगाची, झाकण पीपी किंवा एचडीपीईचं (तरंगून वेगळं होतं), लेबल बीओपीपीचं, आणि गोंद फक्त दोन टोकांना. एक सावधगिरी: चटणी किंवा संत्र्याचा स्क्वॅश ८०-८५ अंशांवर गरम भरत असाल तर साधी पेट बाटली ७० च्या पुढेच आकसून वेडीवाकडी होते.

पाउचबद्दल. चकाकणारा पाउच म्हणजे बहुधा पेट, धातूचा मुलामा दिलेली पेट आणि पीई असे तीन थर चिकटवलेले. पेट २५० अंशांना वितळतं, पीई ११० ला. थर सुटे होत नाहीत, भंगारवाला त्याला हात लावत नाही, आणि शेवटी तो चुलीत किंवा उकिरड्यावर जातो. वजनाने पाउच डब्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याचा असतो, त्यामुळे माल-वाहतुकीत तो खरोखर हलका. या मुद्द्यावर पाउचवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. मधला रस्ता असा: पहिल्यांदा डबा विका, नंतर भरणीसाठी एकाच कुळातला पाउच, म्हणजे बीओपीपी २० मायक्रॉन आणि सीपीपी (न ताणलेली पीपी फिल्म) ४०-५० मायक्रॉन, दोन्ही पीपी. हळद-तिखटाला तो पुरतो, जवसाला नाही. नियमांच्या भाषेतही फरक पडतो. फेब्रुवारी २०२२ च्या उत्पादक जबाबदारीच्या (प्लास्टिक वेष्टणाच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणाऱ्या) मार्गदर्शक तत्त्वांत कडक डबे पहिल्या गटात, निव्वळ प्लास्टिकचे पाउच दुसऱ्यात, आणि अॅल्युमिनियम फॉइलसारखा प्लास्टिकेतर थर असलेले तिसऱ्यात मोडतात. मोठे ब्रँड तुमच्याकडे आले तर याच भाषेत विचारतील.

‘बायो’ पावडर घेऊ नका. तिच्या बहुतेक पुड्यांत लोह, मँगनीज, कोबाल्टचे क्षार असतात. ते पीपीची साखळी उन्हात लवकर तोडतात. डबा नाहीसा होत नाही, त्याचा भुगा होतो. आणि तोच डबा भंगारात गेला तर ज्या बादलीत त्याचा दाणा गेला तीही लवकर कुजते. खरं कंपोस्ट होणारं पीएलए (वनस्पतींपासून केलेलं प्लास्टिक) वेगळी गोष्ट. त्याला ५८-६० अंश उष्णता आठवडेच्या आठवडे टिकवणारा कारखाना लागतो. आपला शेणखताचा खड्डा मधोमध तापतो, पण तेवढा टिकून नाही. दिसायला ते पेटसारखं, म्हणून पेटच्या भंगारात घुसून तोही माल नासवतं. शिवाय विकायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र हवं.

भंगारातला दाणा तुमच्या डब्यात घालावा का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण गिऱ्हाईक विचारेल. अन्न भरायच्या डब्यात नाही. आपला कापसाचा पट्टा आहे, भंगारात कीटकनाशकाच्या बाटल्या हमखास येतात, आणि औषधातलं द्रावण प्लास्टिकमध्ये मुरलेलं असतं, धुऊन निघत नाही. स्वतःच्या मशीनचे रनर (साच्याच्या वाटेत गोठून उरलेलं प्लास्टिक) आणि बाद डबे मात्र, जमिनीवर पडले नसतील तर, १५-२० टक्क्यांपर्यंत परत घालता येतात. दर फेरीला पीपीची साखळी तुटून एमएफआय वाढतो, म्हणून चुऱ्याचाच चुरा पुन्हा पुन्हा फिरवू नका. बाहेर वापरायच्या घमेली-बादलीत भंगाराचा दाणा खुशाल ३० टक्के घाला. त्यात ०.२-०.३ टक्के यूव्ही स्टॅबिलायझर (उन्हापासून वाचवणारं रसायन) विसरू नका. मे महिन्याच्या ४५ अंशांत स्टॅबिलायझर नसलेला पीपी एका उन्हाळ्यात खडूसारखा होतो, आणि खडू झालेलं प्लास्टिक कोणी विकत घेत नाही.

आकाराकडे पुन्हा एकदा बघा, कारण खेड्यात खरा अडसर वजनापेक्षा हवेचा असतो. रिकामे डबे म्हणजे गाडीभर हवा. फटफटीवाला तेवढ्यासाठी फेरी मारत नाही. डबा एकात एक बसेल असा करा. भिंत ०.९ मिमी आणि बाजूचा उतार १.५ अंश असेल तर एकात एक ठेवलेल्या डब्यांत ३४ मिमी अंतर राहतं, उतार ४ अंश केला तर १३ मिमी. म्हणजे १०० मिमी उंचीच्या डब्यांची मीटरभर चळत लावली तर १० ऐवजी, कडेची जाडी धरूनही, साठाच्या आसपास बसतात. आत थांबवणारी छोटी कड द्या, नाहीतर डबे एकमेकांत रुततात. तुमची स्वतःची वाहतूकही यातच वाचते. २००, ५०० आणि १ किलो, तिघांचं तोंड एकाच मापाचं ठेवता आलं तर फार बरं. गावात डबा फेकत कोणी नाही, आधी झाकण तुटतं किंवा हरवतं. सुटं झाकण १०-१५ रुपयांत मिळालं तर डबा आणखी चार वर्षं फडताळात राहील.

बदल केल्यावर तपासणी घरच्या घरी होते. डबा, झाकण, लेबल, सगळं १ सेंमीचे तुकडे करून बादलीत टाका, भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब घाला (नाहीतर हवेचे बुडबुडे चिकटून जड तुकडेही तरंगतात), ढवळून पाच मिनिटं थांबा. तळाला काय गेलं ते बघा: पीपीचा एकही तुकडा जायला नको. मग धुलाई. स्टीलच्या पातेल्यात १ लिटर पाणी घ्या, त्यात २० ग्रॅम कॉस्टिक सोडा हळूहळू टाका. सोड्यावर पाणी ओतू नका, उसळतं. हातमोजे, चष्मा घाला, अॅल्युमिनियमचं भांडं अजिबात नको. ८० अंशांवर १५ मिनिटं तुकडे ढवळा. पाणी रंगलं तर शाई सुटते आहे; गोंद चिकट राहिला तर लेबल बदला; कागदाचा लगदा दिसला तर तेच. शेवटी धुतलेला, नीट वाळवलेला चुरा तुमच्याच मशीनवर २१० अंशांना चालवा आणि दहा शॉट मारा (दहा नग काढा). न वितळलेले गोळे म्हणजे पेट घुसलंय, काळे ठिपके म्हणजे कागद, वाकवल्यावर पापुद्रे म्हणजे पीई.

पैशाचा क्रम असा लावा. फिलर, काळा रंग आणि ‘बायो’ पावडर आज बंद करता येतं, डायला हात न लावता. झाकणाचा दाणा बदलायला आठवडाभर ट्रायल. एलडीपीई आणि पीपी गोठताना सारखे आकसत नाहीत, झाकण थोडं सैल-घट्ट होईल. लेबल पुढच्या छपाईच्या वेळी. बुडावरची मोठी अक्षरं डाय पॉलिशला जाईल तेव्हा. उतार आणि एकच तोंड नव्या डायला. पहिले दोन टप्पे झाले की जुने आणि नवे डबे प्रत्येकी ५ किलो वेगवेगळ्या पोत्यांत घालून तालुक्याच्या भंगार दुकानात न्या, काही न सांगता दोन्हींचा भाव विचारा, आणि नव्याला पीपीचा भाव लागला नाही तर कशामुळे, ते त्यालाच डबा हातात देऊन विचारा.